महाराष्ट्र : साडेबावीस गिगाबाइट

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख ७४ हजार ३३३ भरली. यातील प्रत्येक माणसाच्या नावे एकेक ओळ लिहावयाची ठरविली आणि त्या ओळीस दोनशे बाइट जागा नेमून दिली, तर देवनागरीतील एकेका चिन्हास तीन बाइट लागतात हे ध्यानात घेऊनही पंचवीस चिन्हांचे नाव पंचाहत्तर बाइटांत बसते, आणि उरलेल्या सव्वाशे बाइटांत गावाचा क्रमांक, वय, लिंग, शिक्षण, व्यवसाय हे सारे सांकेतिक आकड्यांच्या रूपाने ऐसपैस मावते. गुणाकार केला की उत्तर येते सुमारे साडेबावीस गिगाबाइट. म्हणजे सबंध राज्याची ही माणसागणिक नोंद चौसष्ट गिगाबाइटांच्या साध्या मेमरी कार्डावर राहते आणि वर निम्म्याहून अधिक जागा शिल्लक उरते.

हा हिशेब शाळकरी मुलास जमेल इतका सोपा आहे. परंतु ज्या कचेऱ्यांतून आणि कंपन्यांतून लक्षावधी रुपयांच्या संगणकीय यंत्रणांच्या निविदा निघतात, तेथे तो कोणी मांडून पाहतो असे सहसा दिसत नाही. एखाद्या नगरपालिकेला मालमत्ताकराच्या पंधरा वर्षांच्या नोंदींची छाननी करावयाची असो, एखाद्या सहकारी साखर कारखान्याला सभासदांच्या उसाच्या वजनाचा आणि उताऱ्याचा हंगामवार मेळ घालावयाचा असो, किंवा एखाद्या विद्यापीठाला दहा वर्षांच्या निकालांचे पृथक्करण हवे असो, ‘लाखो नोंदी’ हे दोन शब्द बैठकीत उच्चारले गेले की उपस्थितांच्या मुद्रेवर एक प्रकारचे गांभीर्य उतरते, आणि मग अनेक सर्व्हरांचा ताफा, क्लाउडची मासिक वर्गणी, ती यंत्रणा सांभाळण्यास नेमावयाचे तज्ज्ञ आणि त्या तज्ज्ञांवर देखरेख करण्यास नेमावयाचे सल्लागार अशी खर्चाची परंपरा सुरू होते. एवढा सरंजाम उभा राहिल्यावर त्याला जो प्रश्न विचारला जातो तो बहुधा ‘गेल्या वर्षी कोणत्या प्रभागाची थकबाकी सर्वांत अधिक होती?’ अशाच स्वरूपाचा असतो. प्रश्न क्षुल्लक आहे असे मी म्हणत नाही. त्याच्या उत्तरासाठी एक बऱ्यापैकी लॅपटॉप आणि त्यावर चालणारा एक हलका, अंतर्भूत स्वरूपाचा डेटाबेस पुरेसा आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

अंतर्भूत म्हणजे काय, ते थोडे उलगडून सांगितले पाहिजे. ओरॅकल, पोस्टग्रेस यांसारख्या प्रचलित पद्धतीत डेटाबेस हा स्वतंत्रपणे चालणारा प्रोग्राम असतो. तो सर्व्हरवर अहोरात्र जागा राहतो, आणि माहिती हवी असणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामने त्याच्याकडे नेटवर्कमार्गे विनंती धाडावयाची व त्याने ती पारखून उत्तर परत करावयाचे, असा रिवाज असतो. जुन्या कचेरीत दफ्तरदाराच्या खिडकीशी उभे राहून नक्कल मागावी, तसाच हा प्रकार. अंतर्भूत डेटाबेसात हा दफ्तरदारच नसतो. माहिती लिहिण्या-वाचण्याचे सारे कसब एका छोट्या लायब्ररीच्या रूपाने तुमच्याच प्रोग्राममध्ये सामावलेले असते, आणि सबंध दफ्तर म्हणजे डिस्कवरील एक फाइल. ती पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर उघडली तरी तिचे काही बिघडत नाही. सर्व्हर बसविणे, पासवर्ड ठरविणे, पोर्ट उघडणे यांपैकी कशाचीच तजवीज करावी लागत नाही.

या जातीतील सर्वांत प्रसिद्ध डेटाबेस एसक्यूलाइट होय, आणि त्याची जन्मकथा या सगळ्या वादावर चांगला प्रकाश टाकते. डी. रिचर्ड हिप हे अमेरिकन नौदलाच्या ‘ऑस्कर ऑस्टिन’ या विनाशिकेसाठी कंत्राटी काम करीत होते. जहाजास इजा पोहोचली असता नळांच्या जाळ्यातील कोणत्या झडपा बंद कराव्यात व कोणत्या उघड्या ठेवाव्यात, हे ठरविण्याच्या कामी त्यांचा प्रोग्राम उपयोगी पडावयाचा होता. माहिती इन्फॉर्मिक्स नावाच्या सर्व्हर-डेटाबेसात होती. सर्व्हर बंद पडला की हिप यांचा प्रोग्राम ‘जोडणी होत नाही’ एवढे सांगून स्वस्थ बसे, आणि दोष सर्व्हरचा असला तरी बोल मात्र तो संदेश पडद्यावर दाखविणाऱ्यांस लागे. झडपांची यादी वाचावयास मध्यस्थ हवाच कशाला, ती डिस्कवरून थेट का वाचू नये, हा त्यांच्या मनात उद्भवलेला विचार अगदी साधा होता, आणि त्यातूनच ऑगस्ट २००० मध्ये एसक्यूलाइटची पहिली आवृत्ती बाहेर पडली. आज एसक्यूलाइट प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे, प्रत्येक आयफोनमध्ये आहे, फायरफॉक्स व क्रोम या ब्राउझरांत आहे. अँड्रॉइडवर आपले व्हॉट्सॲपचे निरोप ज्या फाइलीत साठतात ती एसक्यूलाइटचीच फाइल असते, आणि एअरबसच्या ए-३५० विमानातही एसक्यूलाइटला स्थान मिळाले आहे. हिप यांनी आपला कोड कोणत्याही परवान्याविना सार्वजनिक मालकीचा करून टाकला. मूळ कोड दीड लाख ओळींच्या आसपास, आणि तो तपासण्यासाठी लिहिलेला कोड त्याच्या सुमारे ५९० पट. ‘आधी लाइव्ह करून टाका, मग बघू’ हा परिपाठ ज्यांच्या अंगवळणी पडला आहे, त्यांनी हे प्रमाण एकदा डोळ्यांखालून घालावे.

फोनमध्ये शोभणारे हे साधन कोट्यवधी नोंदींच्या कामास कसे पुरणार, ही शंका स्वाभाविक आहे. परंतु तिच्या मुळाशी ‘मोठे म्हणजे केवढे’ याविषयीचा भ्रम आहे. २००४ साली गूगलने मॅपरिड्यूस या पद्धतीवरील आपला निबंध प्रसिद्ध केला, पुढे त्याच धर्तीवर हडूप ही यंत्रणा निघाली, आणि हजारो संगणकांवर काम वाटून देण्याची विद्या सर्वांस खुली झाली. गूगलला ती आवश्यकच होती, कारण सबंध इंटरनेटची सूची करणे हा त्यांचा धंदा होता. परंतु ज्यांच्यापाशी गूगलइतकी माहिती नव्हती त्यांनीही ती पद्धत उचलली, कारण तिच्यामागे गूगलचे नाव होते. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांच्या प्रत्यक्ष वापरातील क्लस्टरांवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांच्या ताफ्यांवर, निम्म्या कामांना लागणारी माहिती चौदा गिगाबाइटांहूनही कमी होती, आणि फेसबुकच्या एका क्लस्टरवरील नव्वद टक्के कामे शंभर गिगाबाइटांच्या आत होती. पुढे २०१५ मध्ये फ्रँक मॅकशेरी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी नामांकित वितरित यंत्रणांशी साध्या लॅपटॉपची स्पर्धा लावली. त्या यंत्रणा प्रोसेसरांचे १२८ कोअर वापरीत होत्या, लॅपटॉपवरील प्रोग्राम एकच कोअर वापरीत होता, आणि त्या एकट्याने त्यांतील कित्येकींना मागे टाकले. काम अनेकांत वाटून देण्याचा आणि मग सर्वांच्या उत्तरांची जुळवाजुळव करण्याचा खर्च कामाहून मोठा झाला, की असेच घडावयाचे. ज्यांच्या माहितीचे आकारमान फेसबुकच्या शतांशही नाही, त्यांनी यावरून काय तो बोध घ्यावा.

एसक्यूलाइटच्या फाइलीची मर्यादा २८१ टेराबाइट आहे. तेव्हा जागा अपुरी पडण्याचा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांपुढे कधीच उभा राहणार नाही. वेगाचा प्रश्न मात्र खरा आहे. एसक्यूलाइट माहिती ओळीने साठवितो, म्हणजे एका माणसाचे नाव, गाव, वय, शिक्षण हे सारे एकत्र. एका माणसाची नोंद काढावयाची असेल तर ही व्यवस्था उत्तम, पण सर्वांच्या वयाची सरासरी हवी असेल तर वयाबरोबर नावेही विनाकारण वाचावी लागतात. ॲमस्टरडॅम येथील सीडब्ल्यूआय या संशोधनसंस्थेतील मार्क रासफेल्ट आणि हानेस म्यूलायझन यांनी २०१९ मध्ये विद्वानांपुढे मांडलेला डकडीबी हा डेटाबेस नेमकी हीच उणीव भरून काढतो. तोही अंतर्भूत, तोही एका फाइलीत राहणारा. परंतु तो माहिती रकान्यारकान्याने साठवितो, एकेका वेळी दोन हजारांवर मूल्यांचा गट उचलून प्रोसेसरला देतो, आणि लिंगासारख्या रकान्यात तीच ती दोन-तीन मूल्ये पुनःपुन्हा येत असल्याने तो रकाना दाबून अगदी थोड्या जागेत बसवितो. वयाची सरासरी काढताना तो वयाचाच रकाना वाचतो. साडेबावीस गिगाबाइटांपैकी वयाचा वाटा, प्रत्येकी एक बाइट धरला तर, अकरा-साडेअकरा कोटी बाइटांचा, म्हणजे एका गिगाबाइटाच्या नवव्या हिश्श्याइतका. लॅपटॉपची मेमरी अपुरी पडली तर डिस्कवर तात्पुरती जागा घेऊन काम पुढे रेटण्याची सोयही त्यात आहे. जून २०२४ मध्ये त्याची १.० ही आवृत्ती निघाली, आणि तोही विनामूल्य आहे.

हलके साधन वेडेवाकडे वापरले तर ते फसते, आणि मग दोष साधनाच्या माथी येतो, याचे एक उदाहरण जवळून पाहण्याजोगे आहे. समजा एसक्यूलाइटमध्ये एक कोटी ओळी भरावयाच्या आहेत, आणि नवशिक्या प्रोग्रामरने प्रत्येक ओळीसाठी स्वतंत्र आज्ञा लिहिली. एसक्यूलाइटचा स्वभाव असा की, वीज गेली तरी लिहिलेले नष्ट होऊ नये म्हणून प्रत्येक आज्ञेनंतर माहिती खरोखरच डिस्कवर उतरली की नाही याची तो रुजवात करतो, आणि तोवर पुढे सरकत नाही. मिनिटास ७,२०० फेरे घेणाऱ्या जुन्या धर्तीच्या हार्डडिस्कवर अशा रुजवाती सेकंदास साठेकच होतात. त्या हिशेबाने कोटी ओळींना शेहेचाळीस तास लागतील. तेच काम प्रारंभी ‘बिगिन’ आणि शेवटी ‘कमिट’ या दोन आज्ञा घालून एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये केले, तर रुजवात एकदाच होते आणि सेकंदाला पन्नास हजार ओळी सहज उतरतात. म्हणजे कोटीचे काम साडेतीन मिनिटांच्या आत संपते. नव्या एसएसडीवर पहिला आकडा सुधारतो, परंतु दोहोंमधील तफावत राहतेच. शेहेचाळीस तासांचा अनुभव घेतलेला मनुष्य ‘एसक्यूलाइट मोठ्या कामास नालायक आहे’ असा निकाल देऊन मोकळा होतो आणि क्लस्टरचा प्रस्ताव वर पाठवितो. दोन आज्ञा लिहिण्यास निविदा लागत नसल्यामुळे त्या बिचाऱ्यांची शिफारस करण्यास कोणी विक्रेता पुढे येत नाही.

या साधनांच्या मर्यादा लपविण्याचे मला कारण नाही. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो. २०१० मध्ये आलेल्या सुधारणेने लिहिणे चालू असता इतरांस वाचता येऊ लागले, पण लेखक एकच राहिला. डकडीबीची फाइल तर एका प्रोग्रामने लिहिण्यासाठी उघडली की दुसऱ्या प्रोग्रामला ती उघडता येत नाही. फाइल नेटवर्कवरील सामाईक डिस्कवर ठेवून दहा कारकुनांनी दहा संगणकांवरून तीत लिहू म्हटले, तर कुलूपबंदीचा घोळ होऊन फाइल नासण्याची धास्ती असते. महिन्याला हजार कोटींहून अधिक व्यवहार होणाऱ्या यूपीआयसारख्या व्यवस्थेस किंवा रेल्वेच्या आरक्षणास सर्व्हरच हवेत, अनेक हवेत, आणि एक पडला तर दुसऱ्याने जागा घ्यावी अशी सिद्धताही हवी. याहून गंभीर गोष्ट अशी की, अशा फाइलीला स्वतःचे राखणदार नाहीत: कोणी काय पाहावे, काय पाहू नये, याचे नियम एसक्यूलाइटमध्ये नाहीत, आणि ज्याच्या हाती फाइल गेली त्याच्या हाती सर्व काही गेले. रुग्णांची किंवा करदात्यांची नावानिशी माहिती अशा फाइलीत भरून ती पेनड्राइव्हवर फिरविणे हा निव्वळ निष्काळजीपणा ठरेल, आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा झाल्यानंतर तो महागातही पडू शकेल.

परंतु जी माहिती मुळातच सार्वजनिक आहे, तिच्या बाबतीत हाच दोष गुण होतो. पर्जन्यमान, धरणांतील साठे, बाजार समित्यांतील रोजचे दर, अंदाजपत्रकांतील तरतुदी व प्रत्यक्ष खर्च ही सारी आकडेवारी आज नागरिकाला बहुधा पीडीएफच्या शेकडो पानांतून किंवा एका वेळी एकच तालुका निवडू देणाऱ्या पोर्टलमधून मिळते, आणि सहा महिन्यांनी पोर्टलचे कंत्राट संपले की तीही मिळेनाशी होते. तीच एका फाइलीत प्रसिद्ध केली, तर सोलापूरचा पत्रकार आणि पणजीचा विद्यार्थी आपापल्या संगणकावर तिला वाटेल तो प्रश्न विचारू शकतील, आणि कोणाच्या सर्व्हरच्या मर्जीवर विसंबावे लागणार नाही. अशी फाइल टिकेल काय, ही चिंताही वावगी नाही. तथापि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आकडेवारीच्या जतनासाठी शिफारस केलेल्या स्वरूपांत एसक्यूलाइटचा समावेश केला आहे, आणि २०५० पर्यंत त्याची देखभाल करण्याचा मनोदय त्याच्या कर्त्यांनी जाहीर केला आहे. इतक्या मुदतीची हमी देणारा पोर्टलचा कंत्राटदार माझ्या पाहण्यात नाही.

तेव्हा नगरसेवक, विद्यापीठांच्या व्यवस्थापन परिषदांचे सभासद, कारखान्यांचे संचालक, आणि ज्यांच्या सहीवाचून असा खर्च मंजूर होत नाही ते सर्व अधिकारी, यांना माझी विनंती आहे की पुढील वेळी संगणकीय यंत्रणेचा प्रस्ताव टेबलावर आला असता एकूण माहिती किती गिगाबाइट आहे, एकाच क्षणी तीत लिहिणारे किती जण आहेत आणि उत्तर किती वेळात हवे आहे, ही तीन उत्तरे आकड्यांत मागावीत, आणि ती प्रस्तावात नसतील तर तो सही न करता परत पाठवावा.