तंत्रवेध : रुपेरी पडदा, अक्षरशः

सिनेमाला आपण सवयीने 'रुपेरी पडदा' म्हणतो, पण बहुतेक वेळा तो पांढराच असतो. त्रिमितीय चित्रे दोन प्रोजेक्टर लावून दाखवायची असतील तर मात्र पडदा खरोखरच रुपेरी लागतो. येत्या दिवाळीच्या कार्यक्रमात वेरूळच्या कैलास लेण्याची जोडचित्रे दाखवायचे ठरले आणि पडदा निवडायचे काम आमच्याकडे आले. त्या निमित्ताने हा लेख.

दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दिली की खोली जाणवते, हे चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ मध्येच दाखवून दिले. पडद्यावर दोन्ही चित्रे एकावर एक पडतात, तेव्हा ज्याचे त्या डोळ्याला पोचवायला दोन प्रोजेक्टरांपुढे दोन वेगळे पोलरायझर आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांवर तसेच चष्मे लागतात. साधा पांढरा पडदा मात्र प्रकाश विखुरताना हे ध्रुवीकरण पुसून टाकतो. मग प्रत्येक खांबामागे त्याचे भूत उभे! अ‍ॅल्युमिनियमचा लेप दिलेला पडदा ते टिकवतो. (शटरचे बॅटरीवाले चष्मे वापरले तर पांढरा पडदा चालतो; पण साठ माणसांना तसे चष्मे पुरवायचे म्हणजे खर्च आलाच.)

दुसरा प्रश्न उजेडाचा. पोलरायझर आणि चष्मा मिळून डोळ्यापर्यंत जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोचतो. रुपेरी पडदा तो समोरच्या बाजूला जास्त परतवून ही तूट थोडी भरून काढतो. पण फुकट काही मिळत नाही. समोरच्याला जे जास्त मिळते, ते कडेच्याच्या वाट्यातून जाते. मधल्या खुर्चीवरून लखलखणारे चित्र टोकाच्या खुर्चीवरून काळवंडते. आणि आपल्याकडे टोकाला बसते कोण? उठायला सोपे म्हणून आजी-आजोबा, आणि त्यांच्या मांडीवर नातवंडे. म्हणून सर्वांत चकचकीत पडदा घ्यायचा मोह आम्ही टाळला. मध्यम चकाकीचा पडदा घ्यायचा आणि खुर्च्या रुंद न मांडता लांब मांडायच्या, असे ठरवले.

तिसरी गोष्ट आकाराची. 'घ्यायचाच तर १२ फुटी घ्या' असा आग्रह झाला. पण माणसाच्या दोन डोळ्यांत अंतर सुमारे ६५ मिलिमीटर. दूरच्या वस्तूच्या दोन प्रतिमांतले अंतर पडद्याच्या रुंदीच्या तिसाव्या भागाइतके असेल, तर ६ फुटी पडद्यावर ते ६१ मिलिमीटर होते, डोळ्यांना सुखाचे. १२ फुटी पडद्यावर तेच १२२! मग डोळ्यांना बाहेरच्या बाजूला फाकावे लागते, आणि पुढच्या रांगेतल्यांचे डोके दुखायला लागते. आम्ही ८ फुटांवर थांबलो, आणि त्या मापाला जोड्या नव्याने जुळवून घेणार आहोत.

खरेदीपूर्वी नमुन्याचा तुकडा जरूर मागवा. प्रोजेक्टरपुढे एक पोलरायझर धरा, तुकड्यावर उजेड पाडा आणि दुसऱ्या पोलरायझरमधून बघत तो फिरवा. चांगल्या पडद्यावरचा उजेड जवळजवळ विझतो. पांढऱ्या चादरीवर विझतच नाही. हीच परीक्षा कडेला उभे राहूनही करा. पडदा कधी घडी घालून ठेवू नका, घडीची रेघ कायमची दिसते. आणि लेपावर बोटेही लावू नका. चष्मे वर्तुळाकार ध्रुवीकरणाचे घ्या, म्हणजे पोराने आजीच्या खांद्यावर मान टाकली तरी त्यामुळे भुते उभी राहत नाहीत.

एकेकट्याने डोळ्याला लावून बघायची साधने आज मिळतात. तरी हा खटाटोप करायचा, कारण कैलास हे एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलेले देऊळ आहे. त्याची खोली हीच त्याची खरी गोष्ट. ती इथे जन्मलेल्या मुलाला दिसावी, आणि त्याच क्षणी शेजारी बसलेल्या आजोबांनी 'तो हत्ती बघ' म्हणावे, हे एकाच पडद्यापुढे बसल्याशिवाय होत नाही. म्हणून पडदा बघायला जाल तेव्हा मधल्या खुर्चीत बसून ठरवू नका. आधी टोकाच्या खुर्चीत बसा.