दिवसाला दोन जीबी

‘कोणत्याही मोबाइलवर कोणताही खेळ’ या घोषणेसह क्लाउड गेमिंग नावाच्या व्यवस्थेचा प्रचार सध्या पुन्हा जोमाने सुरू झाला असून, खिशातला साधा फोन लाखभर रुपयांच्या संगणकाचे काम करील, हे तिचे आश्वासन इतक्या आत्मविश्वासाने दिले जात आहे की त्याची एकदा शांतपणे तपासणी होणे आवश्यक ठरते. या सदराचा मासिक वर्गणी या प्रकाराविषयीचा आकस नियमित वाचकांना परिचित आहेच. त्यामुळे पुढील विवेचन निःपक्षपाती असेल, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

क्लाउड गेमिंग म्हणजे खेळ दूरच्या डेटा सेंटरमधील सर्व्हरवर, अर्थात त्याच कामासाठी राखलेल्या शक्तिमान संगणकावर, चालवून त्याचे फक्त चलचित्र खेळाडूच्या पडद्यावर पाठवणे; खेळाडूने कोणते बटण दाबले, एवढीच माहिती उलट दिशेने सर्व्हरकडे जाते. अमेरिकेत ‘ऑनलाइव्ह’ने ही सेवा २०१० मध्ये बाजारात आणली आणि २०१५ मध्ये ती बंद पडून तिची पेटंट्स सोनीकडे गेली. गूगलची ‘स्टेडिया’ नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू होऊन जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२० मध्ये २२ देशांतील अँड्रॉइड फोनवर आपली सेवा दिली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती भारतात आणली. त्यापूर्वी २०२२ मध्ये जिओने चाचणी स्वरूपात आपला प्रयोग सुरू केला होता. इतिहास एवढाच आहे, आणि त्यात बंद पडलेल्या सेवांची संख्या उपेक्षणीय नाही.

पहिली अडचण अंगठ्याची आहे, आणि कोणत्याही कंपनीच्या सादरीकरणात तिचा उल्लेख आढळत नाही. ‘सायबरपंक २०७७’सारखा खेळ रचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी संच आणि दोन दांड्या व डझनभर बटणे असलेला कंट्रोलर असतो, तोच खेळ साडेसहा इंचांच्या काचेवर आणला की शस्त्रांच्या यादीतील अक्षरे औषधाच्या बाटलीवरील सूचनांइतकी बारीक होतात आणि काचेवर उमटवलेली बटणे दाबण्यासाठी ठेवलेले दोन अंगठे नेमके तेवढेच रणांगण झाकतात, जेथून शत्रू येत असतो. बोटांच्या स्पर्शासाठीच घडवलेल्या ‘बीजीएमआय’ या मोबाइल खेळाची गोष्ट वेगळी आहे, तेथे कसलेली मुले दोन अंगठ्यांच्या जोडीला दोन तर्जन्याही पडद्यावर वाकवून खेळतात, या पकडीला ती ‘क्लॉ’ म्हणतात, आणि खेळाने आपली बटणे त्या पकडीला सोयीची जातील अशी हलवू दिलेली असतात. मोठ्या पडद्याचे खेळ मात्र असा समजूतदारपणा क्वचितच दाखवतात, म्हणून फोनला अडकवायचा कंट्रोलर विकत घ्यावा लागतो. मग ब्लूटूथच्या इअरफोनमधून गोळीचा आवाज गोळी लागून गेल्यावर येतो असे लक्षात आल्याने तारेचा इअरफोन शोधावा लागतो. आणि आताच्या बहुतेक फोनना त्या तारेचे गोल छिद्रच नसल्याने त्यासाठीही एक जोडतुकडा आणावा लागतो. कोणत्याही मोबाइलवर हे सारे शक्य आहे, पण केवळ मोबाइलवर नाही.

दुसरी अडचण वेळेची. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटत असतील तर प्रत्येक चित्राच्या वाट्याला सुमारे १७ मिलिसेकंद येतात, मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. बटण दाबल्याची खबर सर्व्हरला जाऊन तिचा परिणाम दाखवणारे चित्र परत येण्यास लागणाऱ्या विलंबाला ‘लॅग’ म्हणतात, आणि खबर नुसती जाऊन येण्याचा काळ ‘पिंग’ या नावाने मोजला जातो. या विलंबाचे खापर अंतरावर फोडण्याची प्रथा आहे, ती आपल्या राज्यापुरती तरी अन्याय्य म्हणावी लागेल. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो; सर्व्हर महापे किंवा ऐरोलीच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये आहे असे गृहीत धरले आणि खेळाडू गडचिरोलीत बसला आहे असे मानले, तरी हजारेक किलोमीटरच्या जाण्यायेण्याला प्रकाशाला दहा मिलिसेकंदांच्या आसपास पुरतात. खरा खोळंबा होतो तो शेवटच्या टप्प्यात, जेथे एका मनोऱ्यावर सगळा मोहल्ला रात्री साडेनऊला एकाच वेळी तुटून पडलेला असतो. चित्रपट पाहताना हा खोळंबा जाणवत नाही, कारण पुढची दृश्ये आधीच ठरलेली असल्याने ती फोनमध्ये आगाऊ साठवून ठेवता येतात. खेळातील पुढचे दृश्य मात्र खेळाडूच्या बोटावर अवलंबून असते, ते घडण्यापूर्वी साठवणार कसे?

जाहिरातीतील तरुण हमखास रेल्वेच्या खिडकीशी बसून खेळत असतो, हे या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे. तो तरुण कोकण रेल्वेत बसलेला नाही हे उघड आहे, कारण रत्नागिरीजवळच्या करबुडे बोगद्याची लांबी साडेसहा किलोमीटर आहे आणि त्या अंधारात जो योद्धा ज्या पवित्र्यात सापडेल, त्याच पवित्र्यात त्याला गोठून राहावे लागेल. बोरघाटातील बोगदे त्या मानाने आखूड असले तरी ते एकामागोमाग एक येत असल्याने खेळाडूच्या प्रकृतीला अधिक अपायकारक ठरावेत.

या व्यवस्थेने निर्विवादपणे एक चांगले काम केले, आणि आकस बाजूला ठेवून त्याची नोंद घेणे भाग आहे. १३ ऑगस्ट २०२० रोजी ‘एपिक गेम्स’ने ‘फोर्टनाइट’ या अत्यंत लोकप्रिय खेळात ॲपलला वगळून थेट पैसे घेण्याची सोय केली आणि ॲपलने त्याच दिवशी तो खेळ आपल्या ॲप स्टोअरवरून काढून टाकला. कोर्टकज्जा सुरू झाला आणि आयफोनवाली मुले खेळाला मुकली. २०२२ मध्ये एनव्हिडियाच्या ‘जीफोर्स नाऊ’ने आणि त्यानंतर मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने हाच खेळ सर्व्हरवर चालवून आयफोनच्या ब्राउझरमध्ये दाखवायला सुरुवात केली, तेव्हा स्टोअरमधून हद्दपार करण्याजोगे असे फोनमध्ये काही उरलेच नव्हते, केवळ चित्र येत होते. मायक्रोसॉफ्टने तर त्यासाठी वर्गणीही मागितली नाही. प्रवाहित खेळांची ॲप आपल्या दुकानात ठेवायची तर त्यातला प्रत्येक खेळ स्वतंत्रपणे तपासणीला द्यावा, अशी ॲपलची अट होती. ती जानेवारी २०२४ मध्ये शिथिल झाली, तोपर्यंत ब्राउझरची ही मागची वाटच राजमार्ग होऊन बसली होती.

उलट बाजूला स्टेडियाचे उदाहरण आहे. ती गुंडाळताना गूगलने खेळांचे आणि यंत्रसामग्रीचे पैसे परत केले, हे या क्षेत्रातील वर्तनाच्या मानाने सभ्यच म्हटले पाहिजे, परंतु खेळात घालवलेले तास परत करण्याची सोय कोणत्याच बँकेत नसते. ‘डेस्टिनी २’सारख्या काही खेळांच्या निर्मात्यांनी खेळाडूंची प्रगती अन्यत्र नेण्याचा मार्ग काढून दिला, ज्यांच्या खेळाला असा वाली नव्हता, त्यांचे गड-किल्ले सर्व्हरबरोबर विझले. बंद होण्याआधी गूगलने कर्मचाऱ्यांच्या अंतर्गत चाचण्यांसाठी बनवलेला सापाच्या जातीचा एक बाळबोध खेळ सर्वांसाठी खुला केला. नोकियाच्या जुन्या फोनवर असाच साप इंटरनेटविना, वर्गणीविना आणि करबुडे बोगद्यातही धावत असे, याची आठवण त्या वेळी गूगलमध्ये कोणाला झाली की नाही, याची नोंद उपलब्ध नाही.

आता डेटाचा प्रश्न. अगदी सामान्य दर्जाच्या चित्रासाठीही सेकंदाला १० मेगाबिट वेग लागेल असे धरले, आणि स्टेडियाची किमान अपेक्षा तीच होती, तर तासाला साडेचार जीबी डेटा खर्ची पडतो. म्हणजे दिवसाला दोन जीबीचा रिचार्ज असलेल्या मुलाचा कोटा २७ मिनिटांत आणि दीड जीबीवाल्याचा २० मिनिटांत संपतो, व त्यानंतर अनेक कंपन्या देऊ करतात त्या ६४ केबीपीएसच्या वेगाने, जो आवश्यक वेगाच्या दीडशेव्या भागाहूनही कमी आहे, उरलेला दिवस काढावा लागतो. ‘सायबरपंक’ उतरवून घ्यायला सुमारे ७० जीबी जागा लागते, हे ऐकून क्लाउडच्या पुरस्कर्त्यांना हळहळ वाटते. परंतु तोच खेळ वरील दराने वीस तास प्रवाहित केला तर ९० जीबी खर्च होतात, आणि दुसऱ्यांदा खेळला तर पुन्हा तेवढेच. ५जी फोन असलेल्यांना ठरावीक पॅकवर अमर्याद डेटा मिळतो, हे उत्तर तत्परतेने दिले जाते. मात्र नवा फोन घेण्याची गरज नाही, हाच ज्या सेवेचा मुख्य दावा आहे, तिने नवा फोन असणाऱ्यांच्या सवलतीवर विसंबून राहणे तर्कशास्त्राच्या पहिल्या इयत्तेतही खपणार नाही.

येथे रिचार्जच्या महिन्याचा विषय निघणे अपरिहार्य आहे, आणि तो या सदरात यापूर्वीही निघालेला आहे. भारतीय दूरसंचार कंपन्यांचा महिना २८ दिवसांचा असतो. वर्षाच्या ३६५ दिवसांत असे तेरा महिने बसतात, म्हणजे ग्राहक बारा महिन्यांच्या वर्षात तेरा वेळा पैसे भरतो. पंचांगातील अधिक मास ३२-३३ महिन्यांनी एकदा येतो आणि त्या निमित्ताने निदान जावयाच्या ताटात अनारसे तरी पडतात. कंपन्यांचा अधिक मास दरवर्षी न चुकता येतो आणि अनारसे कोणालाच मिळत नाहीत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा किमान एकेक पॅक ठेवावा असे बजावले, पॅक ठेवले गेले, पण दुकानात विचारल्यावर पहिल्याच दमात समोर येतो तो २८ दिवसांचाच. खेळांची वर्गणी मात्र इंग्रजी महिन्याच्या तारखेने कापली जाते, त्यामुळे वर्गणीची तारीख जागच्या जागी राहते आणि रिचार्जची तारीख दर खेपेला दोन-तीन दिवसांनी मागे सरकत जाते, आणि वर्षात केव्हातरी अशी वेळ येते की वर्गणी भरलेली आहे पण डेटा नाही, किंवा डेटा आहे पण वर्गणी संपलेली आहे. त्यात घरातील थोरल्यांचा रिचार्ज संपलेला असला की मुलाच्या फोनचा हॉटस्पॉट ही कुटुंबाची सामायिक मालमत्ता होते, आणि सुप्रभातीच्या चित्रफितींची देवाणघेवाण झाल्यावर उरलेल्या डेटावर परग्रहावरील युद्ध लढायचे असते.

वर्गणीचे खंडीकरण परदेशातही थांबलेले नाही. जीफोर्स नाऊने पैसे भरणाऱ्या सभासदांनाही महिन्याला १०० तासांची मर्यादा घातली आहे, आणि फुकट्या खेळाडूंना तासाभराने उठून पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. आभासी जगातही रांग चुकलेली नाही, ही बाब रेशन दुकानापासून रेल्वेच्या खिडकीपर्यंत उभे राहिलेल्या पिढीला समाधान देणारी असू शकते.

तेव्हा क्लाउड गेमिंगची जाहिरात करणाऱ्या कंपन्यांना एवढीच विनंती आहे की योद्ध्याचे चिलखत ज्या आकारात छापले जाते, त्याच आकारात तासाला किती जीबी लागतात तेही छापावे. आणि ज्या घरांत मुलांनी या वर्गणीचा हट्ट धरला आहे, त्यांनी होकार देण्यापूर्वी रिचार्जची मुदत कोणत्या तारखेला संपते, ते पाहून घ्यावे.