तोंडाचा रकाना

बैलबाजारात ओठ वर करून दात पाहिल्याशिवाय सौदा होत नाही. आदत, दुसा, चौसा, जुळलेला ही वयाची भाषा शेतकऱ्याला तोंडपाठ असते. आपण पशुवैद्यही तीच भाषा शिकून कॉलेजातून बाहेर पडलो. मात्र टेबलावर कुत्रा आला की ताप पाहतो, पोट चाचपतो, लस टोचतो. तोंड तसेच राहते.

‘डॉक्टर, तोंडाला फार वास येतो हो,’ हे पालक निघता निघता दारातून सांगतात. तो कुत्र्याचा वास नसतो, बहुधा हिरडीचा असतो. तीन वर्षांपुढच्या बहुसंख्य कुत्र्यांत हिरड्यांचा आजार कमीअधिक असतोच. दातांवरचा मऊ थर लाळेतल्या क्षारांमुळे दोन-तीन दिवसांत कडक होऊ लागतो. एकदा कीटण धरले की घरचा ब्रश हात टेकतो.

म्हणूनच भूल न देता होणाऱ्या ‘क्लीनिंग’ला आपण ठाम नकार द्यायला हवा. त्यात दिसणारा दात पांढरा होतो, हिरडीखालची घाण तिथेच राहते आणि पालक निर्धास्त होतात. जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेच्या 2020 सालच्या मार्गदर्शिकेनेही ही पद्धत अमान्य केली आहे.

डोळ्याखालची सूज आठवून पाहा. प्रतिजैविकाने उतरते, औषध थांबले की पुन्हा येते. अशा वेळी वरच्या चौथ्या उपदाढेकडे बघावे. दात साफ व्हावेत म्हणून दिलेल्या टणक हाडानेच तिचा कपचा उडालेला असतो आणि मुळाशी पू साठलेला असतो.

दातांचे एक्स-रे यंत्र प्रत्येकाला परवडणार नाही, हे आम्ही जाणतो. पण ओठ उचलायला यंत्र लागत नाही. सहा-सात महिन्यांच्या पिल्लाचे दात मोजा. दुधाचे 28 जाऊन कायमचे 42 येत असताना पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातींत दुधाचा सुळा नव्याशेजारी अडून बसतो. नसबंदी ठरलेली असेल तर त्याच भुलीत तो काढता येतो. ब्रश कसा फिरवायचा हे पालकांना करून दाखवा आणि माणसांची टूथपेस्ट वापरू नका, हे बजावून सांगा. तिच्यात झायलिटॉल असेल तर कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

या महिन्यापासून केसपेपरवर वजन आणि तापमानाशेजारी ‘तोंड’ असा एक रकाना आखा. तो रिकामा दिसला की हात आपोआप ओठाकडे जाईल.