लाइव्ह भाव नसताना शेअर बाजार शिकता येतो का? मिरचीच्या गिरणीवर केलेला एक प्रयोग

माझा मामेभाऊ धर्माबादला राहतो. बी.कॉम. झालाय, फोनवर दिवसभर कँडल चार्ट उघडा असतो. मागे त्याने एका ऑनलाइन ट्रेडिंग क्लासला पैसे भरले होते. गेल्या दिवाळीत मात्र त्याच्यासमोर वेगळाच सवाल आला. ओळखीच्या एका मिरची पावडरच्या युनिटमध्ये २० टक्के भागीदारी, ६ लाख रुपयांत. मामा एफडी मोडायला तयार होते. त्याने मला विचारलं, "दादा, ६ लाख जास्त होतात का कमी?"

निफ्टीचा सपोर्ट कुठे, रेझिस्टन्स कुठे, हे पोराला तोंडपाठ. पण गावातल्या धंद्याची किंमत कशी काढायची, हे त्या क्लासमध्ये एकदाही आलं नव्हतं.

त्यानंतर दीडेक महिन्यात बातमी आली. ४ डिसेंबर २०२५ ला सेबीने अवधूत साठे ट्रेडिंग अकादमीवर अंतरिम आदेश काढला आणि सुमारे ५४६ कोटी रुपये जप्त करायला सांगितलं. शिक्षणाच्या नावाखाली नोंदणी न करता गुंतवणुकीचा सल्ला दिला, असा सेबीचा आरोप. आदेश अंतरिम आहे, म्हणून त्या प्रकरणावर मी निकाल देत नाही. मला त्यामागचा नियम महत्त्वाचा वाटतो.

मे २०२४ मध्ये सेबीने एक्स्चेंजना सांगितलं की गेम आणि व्हर्च्युअल ट्रेडिंगवाल्यांना लाइव्ह भाव देऊ नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकांना इशारा दिला की खोट्या पैशांच्या ट्रेडिंग ॲप्सपासून लांब राहा. मग २९ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात आलं की जो फक्त शिकवतो, त्याने मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरून कुठल्या शेअरबद्दल बोलायचं नाही. यावर बरीच ओरड झाली. "तीन महिने जुन्या भावावर काय घंटा शिकणार?"

प्रश्न रास्त आहे, पण फक्त ट्रेडिंगपुरता. आज सव्वानऊला कुठलं बटण दाबायचं हे शिकायचं असेल, तर शिळा भाव कुचकामी. आणि ती बटणं दाबून काय होतं तेही सेबीनेच मोजलंय. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये उतरलेल्या १०० किरकोळ लोकांपैकी ९३ तोट्यात गेले, सरासरी तोटा माणशी साधारण २ लाख. धंद्याची किंमत काढायला शिकायचं असेल, तर मात्र लाइव्ह भाव लागतच नाही. उलट तो समोर असला की डोकं त्याच आकड्याला चिकटतं.

तर दिवाळीत आम्ही चौघं भावंडं गुगल शीट्स उघडून बसलो. पुढचे आकडे सोपे करून घेतलेत, त्यांना बाजारभाव समजू नका.

युनिट वर्षाला ४०,००० किलो पावडर विकतं, किलोला २२० रुपये. म्हणजे ८८ लाख. देठ आणि ओलाव्याची घट धरून ४४,००० किलो मिरची लागते, १६० रुपयांनी ७०.४ लाख. मजुरी, वीज, पिशव्या, भाडं, बँकेचं व्याज मिळून ११.६ लाख. उरले ६ लाख. मालक २० टक्क्यांचे ६ लाख मागतोय, म्हणजे अख्ख्या धंद्याची किंमत ३० लाख लावतोय. नफ्याच्या फक्त पाचपट! भाऊ खूश.

मग मी विचारलं, मालक आणि त्याचा भाऊ दिवसभर गिरणीवर असतात, त्यांचा पगार कुठाय? कुठेच नव्हता. महिना १५,००० प्रत्येकी धरला तरी वर्षाचे ३.६ लाख. उरले २.४. यंत्रांच्या दुरुस्ती-बदलीसाठी वर्षाला ५० हजार बाजूला काढले. उरले १.९ लाख.

आता या १.९ लाखांची आज किंमत किती? एफडीपेक्षा बरीच जास्त जोखीम आहे, म्हणून आम्ही १५ टक्के परतावा हवा असं धरलं. धंदा वाढत नाही, रक्कम तेवढीच राहते असं मानलं तर १.९ ला ०.१५ ने भागायचं. १२.७ लाखांच्या आसपास. २० टक्के म्हणजे अडीच लाख. ६ नाही.

"पण धंदा वाढेल ना," बहीण म्हणाली. वाढेल. पण मिरची हंगामात घेऊन ठेवावी लागते. विक्री वाढवायची तर आधी जास्त पोती घ्यायची. सीसी लोन देताना बँक काही हिस्सा तुमच्या खिशातून मागतेच. म्हणजे वाढीच्या वर्षी कागदावर नफा जास्त आणि हातात रोख कमी. माझ्या मते व्हॅल्युएशनमधली ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे, आणि गिरणीमागे रचलेली पोती डोळ्यांसमोर आली की ती दोन मिनिटांत कळते.

खरी मजा पुढे. मिरचीच्या भावाच्या खान्यात 'रँडबिटवीन' हा फॉर्म्युला टाकला, १४५ ते १७५. शीट रिफ्रेश झालं की नवं वर्ष. पगार धरल्यावर भाव १६६ झाला की तोटा सुरू, कारण किलोमागे १ रुपया वाढला तरी ४४,००० रुपये जातात. दहा वर्षं खेळलो की तीनेक वर्षं लाल. मामेभाऊ चिडला. "तू तर गिरणीच बुडवायलास! मिरची वाढली की पावडरचा भाव वाढतोच की, ते कामून धरलं नाहीस?"

मुद्दा बरोबर होता. निम्मी वाढ गिऱ्हाइकावर जाते असं धरलं. तोट्याची वर्षं निम्मी झाली. तोपर्यंत मी सांगतोय आणि तो ऐकतोय असं चाललं होतं. आता तो स्वतः खाने बदलायला लागला.

हाच खेळ मोठ्या कंपनीवरही खेळता येतो, तोही नियमात राहून. न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवणारे अश्वथ दामोदरन आपली एक्सेल शीट्स नेटवर फुकट ठेवतात. जुलै २०२१ मध्ये झोमॅटोचा आयपीओ ७६ रुपयांनी आला. आधीच्या वर्षाचं उत्पन्न सुमारे १,९९४ कोटी, तोटा ८१६ कोटी. दामोदरन यांनी किंमत काढली ४१ च्या आसपास. शेअर आधी पळाला, वर्षभराने खरंच त्या आकड्याजवळ आला, आणि २०२४ मध्ये २०० च्या वर गेला. मग दामोदरन बरोबर की चूक? त्यांचं शीट उघडा, बाजार किती मोठा होईल आणि कंपनीला त्यातला वाटा किती मिळेल ते खाने बदला, आणि २०० यायला काय काय मानावं लागतं ते बघा. भाव चार-पाच वर्षं जुना आहे, तरी धडा ताजा.

एक अडचण मात्र शीट सोडवत नाही. भरायचे आकडे खरे हवेत. लिस्टेड कंपनीचे ऑडिट झालेले आकडे फोनवर मिळतात. गावातल्या युनिटचं काय? मामेभावाने मालकाकडे तीन वर्षांची जीएसटी रिटर्न आणि सीसी खात्याचं स्टेटमेंट मागितलं. एका वर्षाचं मिळालं, तेही व्हॉट्सॲपवर, फोटोत अर्धं कापलेलं. त्यातून ४०,००० किलोचा आकडा जुळेना. तो ३२,००० च्या आसपास निघतोय.

त्याने ३ लाखांचा भाव सांगितलाय, उरलेले कागद दाखवले तर. मालक हसला म्हणे. मामांची एफडी अजून बँकेतच आहे.