गच्ची फोडलीच आहे, तर उन्हाचेही बघा

दिवाळी उरकली की शहरांतल्या जुन्या सोसायट्यांना पहाड बांधले जातात. बाहेरचा पोकळ गिलावा काढायचा, गंजलेल्या सळया घासून त्यांना रसायन लावायचे, ड्रेनेजचे पाइप बदलायचे, गच्चीचे वॉटरप्रूफिंग करायचे आणि शेवटी रंग. ही यादी आता कमिटीतल्या सगळ्यांना पाठ झाली आहे. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावे, असे आदर्श उपविधी सांगतात. ऑडिटचा अहवाल येतो, कन्सल्टंट एस्टिमेट काढतो, टेंडर निघते. एस्टिमेटमध्ये तडे मोजलेले असतात, ओल मोजलेली असते, रंगाचे चौरस फूट मोजलेले असतात. सर्वात वरच्या मजल्यावरची माणसे मे महिन्यात रात्री झोपू शकतात का, याचा त्यात एकही रकाना नसतो.

तो रकाना असावा आणि गच्चीवर पहिला हातोडा पडण्याआधी भरला जावा, असे आम्हाला ठामपणे वाटते. पण उष्णता तपासली म्हणजे प्रत्येक सोसायटीने महागडे इन्सुलेशन बसवायलाच हवे, असे होत नाही. तपासणी सगळ्यांनी करावी. उपाय इमारत पाहून ठरवावा. सभांमध्ये या दोन गोष्टींची गल्लत होते आणि मग विषय खर्चावर येऊन तिथेच संपतो.

आधी ऊन समजून घेऊ. महाराष्ट्रात वर्षातला पहिला शून्य सावलीचा दिवस सगळीकडे मे महिन्यातच येतो, दक्षिणेकडे सुरुवातीला, नागपूरकडे अखेरीस. म्हणजे वर्षातल्या सर्वात तापलेल्या महिन्यात सूर्य भर दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो. अशा वेळी भिंतीवर ऊन तिरके पडते आणि गच्ची ते सरळ अंगावर घेते. शेवाळाने काळवंडलेला कोबा तेव्हा ६० अंशांच्या आसपास तापतो. ही उष्णता स्लॅबमधून खाली उतरायला तीन-चार तास लागतात, त्यामुळे वरच्या घरातला खरा त्रास दुपारी नसतो. रात्री ९ वाजता स्टुलावर चढून छताला तळहात लावून पाहावा. बाहेर वारा सुटलेला असतो, खालच्या मजल्यावरची माणसे खिडक्या उघडून बसलेली असतात आणि हे छत तापाने फणफणलेल्या कपाळासारखे लागते. पंखा लावला की छताजवळची गरम हवाच अंगावर येते. घरात म्हातारे माणूस असेल, तान्हे मूल असेल, तर हे केवळ गैरसोयीचे राहत नाही. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री निवायला अवसर मिळाला नाही, तर उन्हाळा आजारपणाचा होतो.

स्लॅब येण्याआधी आपल्याकडची घरे याला उघडी नव्हती. कोकणातल्या कौलारू घरात कौल आणि माणूस यांच्यामध्ये माळा असे. त्यावर गवत, लाकूडफाटा, नारळ असे काहीबाही भरलेले असे. पावसाआधी शाकारणीला माणूस वर चढला की फुटकी कौले बदलता बदलता वासे आणि माळाही बघून होई. खानदेश-मराठवाड्यातल्या धाब्याच्या घरांवर मातीचा जाड थर असे आणि तोही दरवर्षी पावसाआधी नीट केला जाई. सिमेंटच्या सपाट गच्चीने गळतीचा आणि उन्हाचा विचार वेगवेगळा करून टाकला. गळती ठेकेदाराकडे गेली. ऊन ज्याच्या डोक्यावर, त्याच्या नशिबावर सोडले गेले.

आता दुसरी बाजू. पहिल्या मजल्यावरचा सभासद सभेत विचारतो की, माझ्या घरात उकडत नाही, तर मी पैसे का द्यावेत? हा प्रश्न कोत्या मनाचा आहे असे आम्ही मानत नाही. दुरुस्ती-देखभाल निधीत तो इतरांसारखाच भर घालत आला आहे. उपविधींप्रमाणे सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के. मोठ्या दुरुस्तीची वर्गणी त्यावर वेगळी. जुन्या सोसायट्यांत पेन्शनवर जगणारे सभासद पुष्कळ असतात आणि त्यांच्यासाठी वर्गणीचा प्रत्येक हप्ता जड असतो. शिवाय उपविधींनी गच्चीची गळती सोसायटीच्या खर्चात स्पष्ट घातली आहे. उकाड्याबद्दल तसा शब्द नाही. वरच्या मजल्याने छताला फॉल्स सीलिंग करून घ्यावे, एसी लावावा, तो त्यांचा खासगी प्रश्न, ही भूमिका कागदावर चूक ठरवता येत नाही.

तरी ती अपुरी आहे, आणि त्याचे कारण गळतीतच आहे. काँक्रीट तापले की पसरते, निवले की आखडते. २० मीटर लांबीच्या गच्चीचा वरचा थर ३० अंशांनी तापला, तर तो मोकळा असल्यास साधारण ६ मिलिमीटर लांबेल. तो मोकळा नसतो. कठड्याला आणि बीमला बांधलेला असतो. मग ही ओढाताण सगळ्यात कमजोर जागी, म्हणजे कठडा आणि गच्ची जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर निघते. गवंडी तिथे मसाल्याची गोलसर वाट मारतो, दोन-तीन उन्हाळ्यांत तिच्या कडेने केसाएवढी फट पडते आणि पुढच्या पावसात पाणी तिथूनच आत शिरते. वॉटरप्रूफिंगचा थर उन्हापासून झाकलेला असेल तर त्याचे आयुष्य वाढते. पहिल्या मजल्यावरच्या सभासदाला हे समजावून सांगावे. पुढच्या वेळचे वॉटरप्रूफिंग जितके लांबेल, तितकी त्याचीही वर्गणी लांबते. वरच्या मजल्याच्या कळवळ्यापोटी त्याने हात वर करावा, अशी अपेक्षा ठेवण्यापेक्षा हे सांगणे जास्त प्रामाणिक आहे.

मग करायचे काय? इथे सर्वात जास्त घोळ कोब्याचा आहे. विटांचे तुकडे सिमेंटच्या मसाल्यात बसवून, वर गुळगुळीत थर देऊन चौकोनी रेघा मारलेला कोबा आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला. उतार देतो, पाणी अडवतो आणि उन्हालाही थोडे अडवतो, असा त्याचा लौकिक. यातला शेवटचा भाग हिशेबाला फारसा उतरत नाही. वीट काँक्रीटपेक्षा उष्णता कमी वाहून नेते, पण फार कमी नाही. २ इंच जाडीचा दाट फोमचा पत्रा जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला कोबा मीटरभर जाड लागेल. आणि कोब्याचे वजन! ४ इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला १९० ते २०० किलो. २,००० चौरस फुटांच्या गच्चीवर तो ३५ टनांच्या पुढे जातो. वापरातल्या गच्चीवर माणसे आणि सामान मिळून चौरस मीटरला १५० किलो भार धरण्याची आपल्या मानकांत रीत आहे. म्हणजे जुना कोबा न काढता त्यावर दुसरा चढवला, की सगळी गच्ची माणसांनी गच्च भरली तरी येणार नाही एवढा भार कायमचा येऊन बसला. हे अनेक इमारतींत झाले आहे, कारण जुना कोबा फोडून मलबा खाली उतरवण्याचे पैसे वाचतात. हे पैसे वाचवू नयेत, यावर आमचे दुमत नाही.

त्यामुळे तपासणीची सुरुवात गच्चीवर फूटभर लांब-रुंद खड्डा घेऊन करावी. थर किती, कशाचे, ओले की कोरडे, हे त्यातून डोळ्यांनी दिसते. एकावर एक दोन कोबे, मध्ये डांबराचा जुना थर आणि विटांचे तुकडे हाताला ओले लागणे, असे दृश्य मिळाले, तर इन्सुलेशनचा विषय त्या क्षणी थांबवून आधी पाणी कुठून येते ते शोधावे. ओल आत कोंडून वरून फोम टाकणे म्हणजे गळती लपवणे. खाली घरात जाऊन एका साध्या तापमापक गनने दुपारी ३ आणि रात्री ९ वाजता वरच्या मजल्याचे छत आणि त्याखालच्या मजल्याचे छत मोजावे. एवढ्या चार आकड्यांनी सभेतला ‘उकडतेच का’ हा वाद संपतो.

उपायांत सर्वात स्वस्त पांढरा रंग. ऊन परतवणारे रंग बाजारात आहेत, चुन्याचा हात आहे, पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा चायना मोझॅक आहे. चांगल्या पांढऱ्या गच्चीने खालच्या खोलीत २ ते ५ अंशांपर्यंत फरक पडतो. तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी स्वतंत्र धोरणच आणले. पण पांढरेपण टिकत नाही. मुंबई-कोकणच्या पावसात एका हंगामात शेवाळ धरते, धुळीने रंग मळतो आणि गुण उतरतो. दरवर्षी फेब्रुवारीत गच्ची घासून धुवायची आणि काही वर्षांनी पुन्हा हात द्यायचा, हे करणारे कोणी असेल तरच रंगाला अर्थ आहे. मोझॅक टिकाऊ, पण ओला झाला की निसरडा आणि त्याच्या सांध्यांची निगा राखावी लागते. तरीही जिथे दुसरे काही परवडत नाही, तिथे पांढरा पृष्ठभाग करायचाच. पुनर्विकासाची बोलणी सुरू असतील, तर चुन्याच्या हातापलीकडे खर्च करू नये.

फोमचे गणित निराळे आहे. नव्या निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये आलेल्या इको-निवास संहितेने छतातून उष्णता वाहण्याची कमाल मर्यादा चौरस मीटरला, अंशामागे १.२ वॅट धरली आहे. नुसता स्लॅब आणि कोबा यांचा हिशेब केला तर आकडा जवळपास दुप्पट येतो. इंचभर फोमने तो मर्यादेच्या आत येतो. जुन्या इमारतीला ही संहिता लागू नाही, पण मापदंड म्हणून ती हाताशी असावी. वॉटरप्रूफिंगच्या थरावर पाणी न शोषणाऱ्या फोमचे पत्रे आणि त्यावर दीड-दोन इंच संरक्षक काँक्रीट, ही रचना ऊन आणि पाणी दोन्ही सांभाळते. जुना कोबा काढून ती केली तर गच्चीवरच्या थरांचे वजनही निम्म्याच्या आसपास येते. अडचण एकच, पण मोठी: पुढे कुठे गळले तर जागा शोधायला वरचे सगळे उचकटावे लागते. म्हणून फोम टाकण्याआधी गच्चीत दोन-तीन दिवस पाणी भरून पॉन्डिंग टेस्ट झालीच पाहिजे, आणि खाली प्रत्येक घरात जाऊन छत पाहून त्याची लेखी नोंद व्हायला हवी. घाईतल्या ठेकेदाराकडून ही पायरी सुटणार असेल, तर फोम न घातलेला बरा.

वरच्या घरात आतून फॉल्स सीलिंग आणि वर काचलोकर, हा मार्ग एकट्या सभासदाला मोकळा आहे. उकाडा त्याने कमी होतो. स्लॅब मात्र तापतच राहतो आणि सळया गंजून सुटणारी खपली सीलिंगच्या आड महिनोन् महिने दिसत नाही. ३० वर्षांच्या इमारतीत हा धोका आम्हाला पत्करण्याजोगा वाटत नाही. गच्चीवर पत्र्याची शेड टाकली तर सावली आणि पाऊस दोन्ही भागते. तिला महापालिकेची परवानगी लागते आणि वादळात पत्रे उडणार नाहीत एवढी बांधणी लागते.

राहिला सौर पॅनेलचा मुद्दा, तो टेंडर काढण्याआधीच ठरवायला हवा. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांच्या सामायिक विजेसाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे, त्यामुळे अनेक सोसायट्या तिकडे वळत आहेत. पॅनेलखाली सावली पडते, तेवढी गच्ची आपोआप कमी तापते. तिथे फोमवर पैसे घालायची गरज उरत नाही. पण वॉटरप्रूफिंग झाल्यावर वर्षभराने सौरवाला येऊन पायांसाठी भोके पाडू लागला, की आधीच्या ठेकेदाराची १० वर्षांची हमी तिथेच संपते. पॅनेलचे पाये कुठे येणार, हे गच्चीच्या नकाशावर आधी आखून घ्यावे आणि ते वॉटरप्रूफिंगच्याच कामात बांधून घ्यावेत. हमीचा कागद एकाच ठेकेदाराच्या नावाचा असावा. पॅनेल २५ वर्षे राहणार. त्यांच्याखालचा थर पुन्हा उघडायची संधी तोवर मिळणार नाही.

पहाड बांधण्याचा, मलबा उतरवण्याचा, कन्सल्टंटचा खर्च एकदाच होतो आणि तो कोणत्याही परिस्थितीत होणारच असतो. त्यात खड्डा घेऊन थर पाहणे, दोन घरांची छते मोजणे आणि टेंडरमध्ये पांढरा पृष्ठभाग व फोम यांचे दर पर्याय म्हणून वेगळे मागवणे यांना वेगळा पैसा जवळजवळ लागत नाही. सभासदांसमोर आकडे आले की ते हो म्हणतील किंवा नाही म्हणतील, तो त्यांचा हक्क. हा विषय सर्वसाधारण सभेच्या सूचनेत स्वतंत्र क्रमांकाने घालावा, ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात नाही, कारण तोवर अर्धी सभा उठून गेलेली असते.