खाऊनही झिजणारा देह

कर्करोगाच्या रोग्याच्या उशाशी पेजेची वाटी घेऊन बसलेली माणसे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. ‘दोन घास तरी घे’ ही विनवणी हळूहळू रागावर येते, आणि रोगी गेल्यावर ‘आमच्याकडूनच हयगय झाली’ ही टोचणी घरात मागे उरते. ती अनाठायी आहे, हे आता स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे.

ही झीज म्हणजे निव्वळ उपासमार नव्हे. नुसते अन्न वाढवून ती पुरती भरून येत नाही, हे २०११ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी तिची व्याख्या ठरवितानाच नमूद केले. बिघाड असतो तो शरीराच्या जमाखर्चात, आणि त्यातील मोठा कारभारी म्हणजे यकृत. गाठ साखर वापरून दुग्धाम्ल सोडते. यकृत त्याची पुन्हा साखर करून देते. या उसनवारीत गाठीला ऊर्जेचे दोन भाग मिळतात, यकृताचे मात्र सहा खर्ची पडतात! शिवाय यकृताकडे येणारे सुमारे पाऊण हिस्सा रक्त आतड्यांच्या बाजूने येते. साहजिकच तेथील असंख्य जिवाणूंची बरीवाईट निपज प्रथम त्याच्याच दारी पोचते. आतड्याचे अस्तर सैल झाले, की जिवाणूंचे विषारी अंश त्याच वाटेने शिरून यकृतात दाह माजवितात. पित्तातील आम्लेही हे जिवाणू पालटतात, आणि साखर व चरबी यांविषयीचे निरोप यकृताला त्या आम्लांकडूनच मिळत असतात.

बेल्जियममधील लूव्हाँ येथील संशोधकांनी २०१२ साली रक्ताचा कर्करोग झालेल्या उंदरांना लॅक्टोबॅसिलसच्या दोन ठरावीक जाती दिल्या, तेव्हा दाह आणि स्नायूंच्या झिजेची लक्षणे उतरली. आशा वाटावी असेच हे आहे. परंतु उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि एवढ्यावरून जिवाणूंच्या पुड्या आणून रोग्याला चारणे आम्हांस धोक्याचे वाटते. औषधांनी ज्याच्या पांढऱ्या पेशी घटल्या आहेत, त्याच्या रक्तात हेच जिवंत जिवाणू शिरून नवे संकट उभे करू शकतात.

मग करायचे काय? सहा महिन्यांत वजनाचा विसावा हिस्सा आपोआप घटला, तर ती या झिजेची खूण मानतात. साठ किलोच्या माणसाचे हे अवघे तीन किलो. सदरा जरा सैल झाला एवढेच घरच्यांना जाणवते. म्हणून कर्करोगाच्या रोग्याचे वजन प्रत्येक खेपेस त्याच्या कागदावर लिहिलेच पाहिजे, आणि ते उतरू लागताच आहारतज्ज्ञाची गाठ त्याच दिवशी घालून दिली पाहिजे, अशी आमची इस्पितळांकडे मागणी आहे. त्यासाठी नवी यंत्रसामग्री लागत नाही. वजनकाटा तेथे असतोच.