रमजानसाठी महोत्सव हलवू नका

गेल्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अर्ज फिरत होता. पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे आपला पिफ, येत्या काही वर्षांत रमजानमध्ये येणार आहे, तेव्हा तो दुसऱ्या महिन्यात हलवावा, अशी मागणी होती. खाली पन्नासेक नावं. रात्री फोन आला, "बाजी, तुमचंच नाव राहिलंय. तुम्ही तर दरवर्षी जाता."

दरवर्षी जाते म्हणूनच सही केली नाही. फोनवर हे सगळं बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

अर्जातला हिशेब खोटा नाही. महोत्सव जानेवारीच्या मध्यावर धरला तर २०२९, २०३० आणि २०३१ या तिन्ही वर्षी तो रमजानमध्ये येतो. चंद्राप्रमाणे एखादा दिवस इकडेतिकडे. पण अर्ज लिहिणाऱ्यांनी हिशेब तिथेच सोडला. आपला महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळं इंग्रजी कॅलेंडर फिरून येतो. महोत्सव डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात न्या, २०३२ आणि २०३३ ला रमजान तिथे हजर. नोव्हेंबरात न्या, तो मागोमाग येईल. मग काय, दर तीन वर्षांनी नवा अर्ज?

तेहरानचा फज्र महोत्सव इराणी क्रांतीच्या वर्धापनदिनाला जोडलेला, म्हणून फेब्रुवारीत होतो. १९९५ च्या आसपास रमजान फेब्रुवारीत येत होता, तेव्हाही तो फेब्रुवारीतच झाला. तेहरानला जे चालतं ते सेनापती बापट रस्त्यावर का चालू नये, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

खरी गोष्ट अर्जात लिहिलेली नाही, ती फोनवर हळूच सांगितली गेली. "रमजानमध्ये सिनेमा बघणं बरं दिसत नाही ना." ज्याला बरं वाटत नाही त्याने जाऊ नये. त्याच्या इबादतीबद्दल मला आदरच आहे. पण आपला संकोच आयोजकांच्या गळ्यात कशाला बांधायचा? आणि संकोच तरी किती खरा? सहरीची वाट बघत मोबाइलवर मालिका चालू असतात, ईदला सलमानचा सिनेमा लागणार की नाही याची चर्चा पंधराव्या रोजापासून रंगते. त्या वेळी कुणी अर्ज करत नाही.

माझं उलट म्हणणं आहे. हा महोत्सव आधीच फार हलतो. २०२१ ला डिसेंबरात झाला, २०२२ ला मार्चमध्ये. ती कोरोनाची वर्षं होती, ठीक. पण पुढे २०२३ ला फेब्रुवारी, २०२४ ला जानेवारी, २०२५ ला पुन्हा फेब्रुवारी. आमच्यासारख्या मास्तर लोकांनी रजा कशी राखून ठेवायची? २०२५ चा महोत्सव १३ ते २० फेब्रुवारीला होता. बारावीची परीक्षा ११ ला सुरू झाली आणि दहावीची २१ ला. नेमका मधला आठवडा! मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. त्या आठवड्यात दहावीचे अंतर्गत मूल्यमापनाचे गुण, हॉलतिकिटं, रडवेले पालक. मुख्याध्यापकांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली तर ते म्हणाले, "टीचर, परीक्षा की पिक्चर?" त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. मला एका रविवारी दोन सिनेमे मिळाले, बस. रमजानने माझा महोत्सव अजून एकदाही बुडवलेला नाही, फेब्रुवारीने बुडवला.

बर्लिनचा महोत्सव आधी उन्हाळ्यात व्हायचा. १९७८ ला तो फेब्रुवारीत नेला, कारण कानच्या आधी चित्रपटांचा बाजार गाठायचा होता. नेला आणि तिथेच ठेवला. आज कडाक्याच्या थंडीत लोक तिकिटाच्या रांगेत उभे राहतात, कारण त्यांना फेब्रुवारी म्हणजे काय ते पाठ आहे. एडिनबराने ऑगस्टचा महोत्सव २००८ ला जूनमध्ये नेला आणि २०२१ ला परत ऑगस्टमध्ये आणला. तारीख हलवायची तर कारण भक्कम हवं, आणि हलवल्यावर थांबायची तयारी हवी. पुण्याने जानेवारीचा तिसरा आठवडा एकदाचा पक्का करावा. तेव्हा शाळांची स्नेहसंमेलनं बहुतेक उरकलेली असतात आणि बोर्डाच्या परीक्षा थोड्या लांब असतात.

आता एक प्रश्न विचारला जाणार, तो मीच विचारते. "गणेशोत्सवात हे लोक महोत्सव ठेवतील का?" नाही ठेवणार. विसर्जनाला लक्ष्मी रस्ता ओलांडून दाखवा, मग बोलू. दहा दिवस शहराचं मध्य बंद असतं. रमजानमध्ये कुठला रस्ता बंद होतो? रोजेदार कामावर जातो, मी सात तास शिकवते, मोमीनपुऱ्यातली गर्दी संध्याकाळनंतरची. शहर चालू असतं आणि आपणही चालू असतो. मग आपल्याला महिनाभर वगळून टाका, असं आपणच का सांगायचं? हे एकदा सांगितलं की पुढच्या वर्षी आपल्याला कुणी विचारणारही नाही.

ईदचा दिवस मात्र सोडायलाच हवा, तिथे मी मागे हटणार नाही. २०३२ ची ईद-उल-फित्र १४ जानेवारीच्या सुमारास आहे. त्या वर्षी उद्घाटन ईदच्या संध्याकाळी ठेवलं तर पहिली सही माझी असेल.

२०२९ साठी मागायचंच असेल तर हे मागा. जानेवारीत पुण्यात सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. संध्याकाळचा खेळ सहाला न ठेवता पावणेसातला ठेवा. बाहेर एक टेबल असू द्या आणि खजूर, पाण्याची बाटली आत न्यायला दरवाज्यावरच्या सुरक्षारक्षकाने अडवू नये, एवढी सूचना द्या. मगरिबच्या नमाजला पाच-सात मिनिटं लागतात, कोपरा आम्ही शोधू. तरावीह मी घरीच पढते, त्या दिवशी उशिरा पढेन. तो हिशेब माझा आणि अल्लाहचा, त्यात आयोजकांना ओढायचं कारण नाही.

अर्जाचा मजकूर असा बदलला तर मला पाठवा. शाळा सुटल्यावर, साडेपाचनंतर. सही करते आणि स्टाफरूममधल्या आणखी चार जणींच्या आणते. त्यातल्या दोघी रोजा ठेवत नाहीत, त्यांनाही पावणेसातचा खेळ सोयीचा आहे.